दहा नंबरचं नाव

शनिवारी सकाळी दाढी करता करता फर्गस टुलोकने अकरा नावं दोनदा म्हणून पाहिली. पहिल्यांदा सगळी ओळीने आली. दुसऱ्यांदा सहाव्यापाशी गाडी अडली, पण ते नाव घेणं त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. त्याला एकच नाव घ्यायचं होतं, दहा नंबरचं. हेक्टर रेबर्न. चोपन्न वर्षांपासूनचा दोस्त. तासाभरात गाडी घेऊन दाराशी येणार होता, तोच.

"हेक्टर रेबर्न," तो आरशातल्या फेसाळ तोंडाला म्हणाला.

"कुणाशी बोलतोयस?" मोरागने बाहेरून विचारलं.

"गाणं म्हणतोय."

"तुझं गाणं मी पन्नास वर्षं सोसलंय. हे त्याहून बरं होतं."

बुधवारपासून घरात असंच चाललं होतं. दोघंही थट्टा करत होती आणि दोघांच्याही मनात भलतंच काही होतं. फेब्रुवारीत फर्गस पाव आणायला म्हणून बाहेर पडला आणि अडीच तासांनी बंदरावर सापडला. सोळाव्या वर्षी ज्या बोटीवरून तो माशांच्या पेट्या उतरवत असे, ती बोट तो शोधत होता. ती भंगारात निघूनच चाळीस वर्षं झाली होती. "जरा वारा खायला गेलो होतो," असं त्याने सांगितलं, आणि मोरागने ते मानल्यासारखं दाखवलं. मग या बुधवारी शहरातल्या हॉस्पिटलातून पत्र आलं. जुन्या फुटबॉलपटूंना, त्यातूनही डोक्याने चेंडू मारणाऱ्यांना, तिथले डॉक्टर तपासणीला बोलावत होते. मंगळवार, सकाळी दहा.

फर्गसने साफ नकार दिला. त्याने वॉटी इम्रीचे हाल पाहिले होते. वॉटी त्याच्या संघातला पाच नंबरचा, बचावाच्या मधोमध उभा राहून येईल तो चेंडू कपाळाने परतवणारा. आधी त्याला डॉक्टरांनी बोलावलं. मग गाडीच्या किल्ल्या गेल्या. मग स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कुणीतरी हलवल्या. आणि आता तो टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेला असे. गेल्या नाताळात फर्गस भेटायला गेला, तर वॉटीने त्याला पंच समजून तासभर तक्रार केली. हे सगळं आजारामुळे झालं हे फर्गसला कळत होतं, पण आतून त्याला वाटे की हे त्या तपासणीपासून सुरू झालं.

शेवटी मोरागने तोड काढली होती. "शनिवारी फेरी नीट पार पाड. पाडलीस, तर हे पत्र मी फाडून टाकते आणि पुन्हा विषय काढत नाही. अडखळलास, तर मंगळवारी मुकाट्याने माझ्याबरोबर बसमध्ये बसायचं."

"कबूल," फर्गस म्हणाला होता.

आर्डकेल गावाच्या बाहेर कुणाला ही तोड विचित्र वाटली असती. पण फर्गसच्या जुन्या संघातल्या माणसांना फेरीइतका दुसऱ्या कशाचा भरवसा नव्हता. गेडिस नावाच्या त्यांच्या ट्रेनरने ती पद्धत पाडली होती. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत अकरा जण नंबराने बसत, आणि प्रत्येकाने मोठ्याने आपल्या पुढच्याचं नाव घ्यायचं. एकने दोनचं, दोनने तीनचं, आणि अकराने पुन्हा गोलरक्षकाचं. "शेजारी कोण आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने मैदानात पाऊल टाकू नये," असं गेडिस म्हणे. त्या संघाने एकोणसत्तर साली कप जिंकला. तेव्हापासून दरवर्षी एप्रिलमध्ये, घरच्या शेवटच्या सामन्याआधी, ते क्लबमध्ये जेवायला जमत आणि जेवणानंतर फेरी होई. गेलेल्यांचंही नाव घेतलं जाई, आणि त्यांच्या वतीने सगळं टेबल "आहे" म्हणे. सहा नंबरचा एका एप्रिलमध्ये अडखळला आणि पुढचा एप्रिल त्याने पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वी वॉटी अडखळला. तेव्हापासून फेरी सुरू झाली की खोलीतला कुणीही काट्याचमच्याला हात लावत नसे.

फर्गसच्या डोक्याला एके काळी या गावात मोठा मान होता. क्लबच्या दप्तरात त्याच्या नावावर दोनशे बारा गोल होते, त्यांतले एकशे एकतीस डोक्याने. सतराव्या वर्षी क्लबने त्याला घेतलं, तेव्हा तो उंच, काटकुळा आणि पायांनी बेताचा होता. गेडिसने त्याला प्रेक्षकांच्या स्टँडखाली नेलं. तिथे तुळईला दोराने चामड्याचा चेंडू टांगलेला होता, आदल्या दिवसापासून टबात बुडवून जड केलेला. सोमवार ते शुक्रवार, रोज शंभर. साठाच्या पुढे कानात मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज सुरू होई, आणि नव्वदीला दारातून येणारा उजेड पिवळा पडे. फर्गसने हे एकदा गेडिसला सांगितलं.

"चांगलं लक्षण आहे," गेडिस म्हणाला. "डोकं घट्ट होतंय."

चौदा हंगाम तो सेंटर-फॉरवर्ड खेळला. मधली दोन वर्षं इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरात गेली, पण तिथे तो बहुतेक वेळ बाकावर बसला आणि रविवारी घरी पत्रं लिहीत राहिला. परत आला तेव्हा स्टेशनवर तीनशे माणसं उभी होती. तेहतिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग निवृत्त होईपर्यंत गावच्या शाळेत त्याने मुलांना खेळ शिकवला. तिथेही व्यायामशाळेच्या मागे त्याने एक दोर टांगला होता. हल्ली त्या दोराचा विचार मनात आला, की तो उठून काहीतरी काम शोधत असे.

हेक्टरची गाडी बरोबर साडेअकराला आली. हेक्टर रेबर्न अजूनही देखणा होता. गळ्यात क्लबचा तांबडा मफलर, बूट लखलखीत. हा संघाचा मेंदू. मैदानात पुढे काय होणार ते त्याला दोन पावलं आधी दिसे, आणि फर्गसच्या निम्म्या गोलांमागे त्याचा पास होता. खेळ सुटल्यावर त्याने गाडी शिकवण्याचा धंदा काढला. आर्डकेलमधल्या निम्म्या लोकांना गाडी त्यानेच शिकवली होती.

"बस, म्हाताऱ्या. पट्टा लाव."

"तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहेस."

"म्हणून तर गाडी मी चालवतोय."

वाटेत फर्गस खिडकीबाहेर पाहत होता. दिव्याचा खांब आला की मनात एकदा नाव घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. हेक्टर रेबर्न, खांब, हेक्टर रेबर्न, खांब.

"ओठ कसले हलवतोयस?" हेक्टरने विचारलं.

"दात सैल झालाय."

हेक्टरने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग समोर पाहून म्हणाला, "माझेही झालेत."

क्लबच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर, मैदानाकडे काच असलेल्या खोलीत, टेबल मांडलं होतं. अकरा खुर्च्या. तीन रिकाम्या. बार्लीचं सूप आलं, मग मटणाचा पाय आणि वाटाणे. कॉलम पेट्री, त्यांचा गोलरक्षक, यजमानासारखा टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याची बोटं दहा दिशांना वाकलेली होती, पण जिभेची धार कायम होती.

"फर्गस, सूप तोंडाने पितात. तुझी सवय म्हणून डोकं खाली घालू नकोस."

"तू झेल सोडलेस म्हणून आम्हाला डोकं घालावं लागलं," फर्गस म्हणाला, आणि सगळे हसले. आपल्याला झटकन उत्तर सुचलं याचा त्याला केवढा तरी धीर आला. आज जमतंय, असं त्याला वाटलं.

मग कॉलमने चमच्याने पेला वाजवला आणि बोलणी थांबली. बाहेर मैदानावर पाण्याचे फवारे चालू होते, त्यांचा आवाज काचेतून आत येत होता.

एकने दोनचं नाव घेतलं. दोनने तीनचं. चार नंबरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, तिथे "आहे" झालं. वॉटीच्या खुर्चीपाशीही सगळ्यांनी "आहे" म्हटलं, जिवंत माणसासाठी. सहाच्या वेळी आवाज अजून खाली गेले. रिकाम्या खुर्च्यांच्या वतीने पुढचं नाव कॉलमच घेत होता, तीच रीत होती. सातने आठचं नाव घेतलं. आठ नंबरचा स्ट्रूअन लेकी फर्गसच्या उजव्या हाताला होता. त्याने वळून म्हटलं, "फर्गस टुलोक."

"आहे," फर्गस म्हणाला, आणि डावीकडे वळला.

समोर चेहरा होता. त्या चेहऱ्याचं सगळं त्याला ठाऊक होतं. हनुवटीवरचा व्रण, तो कुणाच्या बुटाने झाला ते. बायको कुठल्या वर्षी गेली ते. डावा पाय उचलण्याआधी हा माणूस किंचित उजवीकडे झुकतो, म्हणजे चेंडू गोलच्या दूरच्या खांबाकडे येणार, ते. फक्त नावाच्या जागी काही नव्हतं. सकाळपासून शंभरदा घासलेली ती जागा अशी गुळगुळीत झाली होती की बोट ठरत नव्हतं. कानात मधमाश्या सुरू झाल्या. कुणाचीतरी खुर्ची करकरली. मंगळवार, सकाळी दहा, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मात्र अगदी स्पष्ट आलं.

समोरच्या माणसाने रुमाल उचलला आणि मिशा पुसल्यासारखं केलं. रुमालाआडून, जेमतेम श्वासाइतक्या आवाजात, तो म्हणाला, "हेक्टर."

"हेक्टर रेबर्न," फर्गस मोठ्याने म्हणाला.

टेबलाभोवती सुस्कारे सुटले. स्ट्रूअनने त्याच्या पाठीवर थाप मारली. हेक्टरने रुमाल खाली ठेवला, आपल्या डावीकडे अकरा नंबरच्या आयव्हर बुकनकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हेक्टर रेबर्न."

आयव्हरने भुवया उंचावल्या. मग कॉलम खो खो हसला.

"पाहा. पन्नास वर्षांत सुधारला नाही. अजून स्वतःलाच पास देतोय."

"चेंडू सोड रे, हेक्टर," कुणी म्हणालं. आयव्हरने डोळे पुसले, इतकं त्याला हसू आलं. हेक्टरही हसत होता. पण टेबलाखाली त्याने फर्गसची बाही घट्ट धरली होती. तो हसत हसत आयव्हरचा चेहरा न्याहाळत होता, परक्या गावात रस्त्याची पाटी शोधावी तसा.

फर्गसने पेला उचलला आणि पेल्याआडून म्हटलं, "आयव्हर बुकन."

"बरं बरं, आयव्हर बुकन," हेक्टर म्हणाला. "घे, मागाहून रडू नकोस."

आयव्हरने कॉलमचं नाव घेतलं आणि फेरी पुरी झाली. टाळ्या पडल्या. या वर्षी कुणी अडखळलं नव्हतं.

सामना फर्गसने पाहिला, पण पुढे कुणी विचारलं असतं तर निकाल सांगता आला नसता. हेक्टर त्याच्या शेजारी मफलर घट्ट धरून बसला होता आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे पाहत नव्हतं.

परतीच्या वाटेवर पहिला सिग्नल हिरवा होता. हेक्टर थांबला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तरी तो शांत बसून राहिला. दिवा लाल झाला, आणि त्याने सावकाश गिअर टाकून गाडी पुढे काढली. डावीकडून येणारी व्हॅन कचकन थांबली. तिचा चालक खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलू लागला, मग हेक्टरला ओळखून त्याने नुसता हात हलवला. त्यालाही गाडी हेक्टरनेच शिकवली असेल.

"हेक्टर, दिवा लाल होता."

"माहीत आहे मला."

पुढच्या चौकात घराकडे वळायचं होतं. हेक्टर सरळ गेला, गोदामं ओलांडून, लोहमार्गाखालून, आणि नव्या घरांच्या एका वसाहतीत कुणाच्यातरी गॅरेजसमोर गाडी उभी करून त्याने किल्ली काढली.

"आलो," तो म्हणाला. "लवकर आलोय. गेडिस खूश होईल."

इथे पूर्वी त्यांचं जुनं मैदान होतं. गॅरेजच्या जागी खेळाडूंचं दार होतं. क्षणभर फर्गसलाही ते दार दिसलं.

"हेक्टर," तो म्हणाला. "मैदान पाडून वीस वर्षं झाली."

हेक्टरने किल्ली पुन्हा खोचली, पण फिरवली नाही. बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा होता, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण गेलं.

"हे कधीपासून चाललंय, विचार की."

"कधीपासून?"

"नक्की आठवत नाही," हेक्टर म्हणाला, आणि दोघंही हसले, न हसून चाललं नसतं म्हणून. "कर्स्टीला संशय आहे. लेक माझी, नाक तिच्या आईचं. दर गुरुवारी तिची दोन पोरं मी पोहायला नेतो, समुद्राकडच्या रस्त्याने. मागे बसून भांडतात, गोळ्या मागतात. गाडी गेली तर पोरं गेली. मग मी काय करू? खिडकीशी बसून वॉटीला हात करू?"

फर्गसने गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. हेक्टरने त्याच्या कोपराला हात लावला.

"मी तुला सांभाळलं, तू मला सांभाळलंस. कुणी पाहिलं नाही. तुझं तोंड बंद, माझं तोंड बंद. ठरलं?"

समुद्राकडचा तो रस्ता फर्गसच्या डोळ्यांपुढे आला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बुटकं कुंपण. पण त्याच्या घरी टेबलावर एक पत्र पडलेलं होतं.

"ठरलं," तो म्हणाला.

उरलेल्या वाटेवर प्रत्येक वळण तो आधी सांगत गेला, आणि हेक्टर एखाद्या आज्ञाधारक शिकाऊ माणसासारखा वळत गेला.

मोराग बटाटे सोलत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "मग?"

"अकराच्या अकरा," फर्गस म्हणाला. "कॉलमला विचार हवं तर."

"तुझं नाव? म्हणजे तुझ्या वाट्याचं?"

"हेक्टर रेबर्न."

तिने हात पुसले. पत्र घेतलं, आडवं फाडलं, उभं फाडलं आणि सालींवर टाकून दिलं. मग तिने कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं, आणि ती किती घाबरलेली होती ते त्याला तिच्या वजनावरून कळलं. दूरच्या खांबापाशी उडी मारल्यावर, चेंडू जाळीत गेलाय हे आवाजावरून कळतं तसं त्याला झालं. आपण जिंकलो होतो. ते गोड होतं, आणि ते चुकीचं आहे हे कळत असूनही गोड होतं.

घरातल्या बोळात फोन वाजला. मोरागने घेतला.

"कर्स्टी? हो, आत्ताच आला. अगं, छान झालं सगळं. तुझे बाबा? थांब हं." तिने फोन छातीशी धरला. "कर्स्टी विचारतेय, हेक्टर कसा वाटला. तू दिवसभर बरोबर होतास म्हणून. पोरांना गुरुवारी त्याच्याबरोबर पाठवावं की नको, याचा घोर लागलाय तिला."

"बरा आहे," फर्गस म्हणाला.

"बरा आहे म्हणतोय," मोराग फोनमध्ये म्हणाली. "अगदी ठणठणीत. फेरीतही कुणी अडखळलं नाही म्हणे. हो, हो, खुशाल पाठव. फर्गस असं काही उगाच बोलणार नाही."

फर्गस स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अजून दोन शब्द, आणि ती फोन ठेवणार होती. त्याला लाल दिवा दिसला. मागच्या सीटवर भांडणारी दोन पोरं दिसली. एकदा बोललं की हेक्टरची गाडी जाईल, आणि गाडी गेली की हेक्टर फर्गसचंही सांगेल. मंगळवार सकाळ, गाडी, सुऱ्या, खिडकी.

"ठेवू नकोस," तो म्हणाला. "मला दे."

मोरागने आश्चर्याने फोन पुढे केला. त्याने तो कानाला लावला.

"फर्गस काका?" कर्स्टीचा आवाज आला. "बोला ना."

त्याने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते आत्ता इथेच होतं, दारापासून फोनपर्यंतच्या चार पावलांआधी. त्याचं वजन अजून हाताला जाणवत होतं, पण हातात काही नव्हतं. कुणाच्यातरी जिवाचं होतं. त्याने बोळाच्या भिंतीकडे पाहिलं, कोटांच्या खुंट्यांकडे पाहिलं.

"काका? ऐकू येतंय का?"

"येतंय," तो म्हणाला. "ठेवू नकोस हं. तुला एक सांगायचंय."

"काय?"

"ठेवू नकोस."

मोराग त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा रंग हळूहळू उतरत गेला. हेक्टरबद्दल त्याला काही वाईट सांगायचं होतं आणि तेच आता त्याला आठवत नव्हतं, हे तिला कळलं. तिने भिंतीशी असलेलं स्टूल ओढलं, त्याच्या मागे सरकवलं आणि त्याला खांद्याला धरून बसवलं. फोन तिने त्याच्या हातातून घेतला नाही. ती फक्त खाली वाकली आणि फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "कर्स्टी, मघाचं माझं काही धरू नकोस. पोरांना पाठवू नकोस. आणि बाबांकडे आत्ता जा. आत्ताच."

"काय झालं?"

"जा गं आधी," मोराग म्हणाली.

फोन बंद झाला तरी फर्गसने तो कानाला तसाच धरून ठेवला होता. आत एक लांबलचक, एकसुरी आवाज चालू होता, आणि तो थांबायची तो वाट पाहत होता.